कळसचे एकतीस लिफाफे

बारामतीला आमच्या बागायतदार संघाच्या कचेरीत एका दुपारी एक उंच, सावळे गृहस्थ आले आणि एक पोस्टकार्ड त्यांनी माझ्या टेबलावर पालथं ठेवलं. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, त्यातलं एक बटण भलत्याच काजात. डोक्याला रुमाल, बगलेत छत्री. पायांवर पोटरीपर्यंत रस्त्याची धूळ. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं शाईनं कायमची काळी पडलेली.

"हे तुमीच लिहिलंय?"

मी कार्ड सुलटं केलं. अक्षर माझंच होतं. सर्वसाधारण सभा बुधवारी आहे, सभासदांनी अगत्य यावं.

"होय, मीच."

"सभा कवा झाली?"

"बुधवारी."

"आन् हे कार्ड आमच्या गावात आलं गुरुवारी. आता ह्याचं काय करू? चुलीत घालू, का चौकट करून शाळंत लावू?"

कचेरीतले दोघे-तिघे हसले. मीही थोडा हसलो आणि म्हणालो, "टपालाला उशीर झाला असेल, मास्तर."

ते मास्तर आहेत हे मी कोटावरच्या खडूवरून ओळखलं होतं. पण माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी कार्ड ओढून घेतलं आणि शिक्क्यावर काळं बोट ठेवलं.

"पत्राला पाय नसत्यात. ते उशिरा येत न्हाय. कुणीतरी उशिरा आणतं, न्हायतर कुणीतरी त्याच्यावर बसतं. सभा ठरली कवा? पंधरा दिवसांमागं. तुमच्या पेटीतनं हे निघालं कवा? हा बघा शिक्का, सोमवारचा. सोमवारचं कार्ड कळसला बुधवारी कसं येईल? तुमच्या बापाचं इमान उडतंय का?"

कार्डावर बसलेला माणूस मीच होतो. आठ दिवस ती कार्डं माझ्या खणात पडली होती. मी चहा मागवतो म्हणालो, तर म्हणाले, "काम झाल्यावर." काम म्हणजे काय, तर कळसचं कार्ड सभेनंतर पोचलं असं मी संघाच्या कागदावर लिहून द्यायचं. ते घेतल्याशिवाय ते उठले नाहीत. घेतल्यावर घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चहा न पिताच गेले.

ते दत्तोबा मास्तर. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या लोकल बोर्डाच्या शाळेचे मास्तर, आणि शाळेच्याच पडवीत चालणाऱ्या टपालकचेरीचे पोस्टमास्तर. त्या काळात लहान गावांत टपालाचं काम शाळामास्तरांकडेच असे. बहुतेकांना ती कटकट वाटे. दत्तोबा मास्तरांना शाळाच टपालाच्या आड येते की काय असं वाटायचं.

ही तीस सालानंतरची, पुढच्या पाच-सहा वर्षांतली हकिकत. मी मूळचा लोणी भापकरचा, चार बुकं शिकून संघात कारकून म्हणून लागलो होतो. त्या कार्डानंतर मास्तर मला नावानं कधी हाक मारत नसत. "लोणीकर" म्हणत, आणि त्या 'लोणीकर'मध्ये थोडा आरोप कायम असे.

वर्षातून दोनदा संघाचं उसाचं बेणं आणि पेंड घेऊन मला टेलच्या गावांना जावं लागे. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. नीरेचा डावा कालवा बारामतीकडून पुढं इंदापुरात जातो, आणि टेलच्या गावांना पाणी शेवटी, पेंड शेवटी, बेणं शेवटी आणि बातमीही शेवटी. कळसला मुक्काम पडला की मी शाळेत उतरत असे. तिथं मास्तरांचं राज्य पाहायला मिळालं.

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, केरू डाकवाला इंदापुराहून थैली घेऊन चालत येई. पन्नाशीचा, काटकुळा, पायात टायरच्या वहाणा. तो दिसला की मास्तर पोरांना पाढे म्हणायला लावून पडवीत येत. थैलीचं सील आधी डोळ्यांजवळ नेऊन तपासत. मग एकेक पत्र उलटं करून मागचे शिक्के वाचत. कुठल्या गावाहून कधी निघालं, कुठं उतरलं, कुठं पडून राहिलं, हे शिक्क्यांवरून त्यांना दिसे. आम्ही पत्रात काय लिहिलंय ते वाचतो. मास्तर पत्राचा प्रवास वाचत. मग आपला शिक्का मारत, तोही असा की खालची पेटी दणाणे. तारीख पुसट आली तर शेजारी दुसरा मारत. म्हणत, "तारीख उमटली पायजे. बाकी मजकूर खोटा असंल, तारीख खोटी नसावी."

कळसच्या पाटलांशी त्यांचं बिनसलं ते यावरूनच. पाटलांचा कसलासा अर्ज मुदतीच्या आत टपालात पडायला हवा होता. मुदत काल संपली होती. पाटील स्वतः शाळेत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, शिक्का फिरवा की एक दिवस मागं. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"एका दिसानं काय हुतंय?"

"एका दिसानं काय हुत न्हाय, तर काल का आणला न्हाय?" मास्तर म्हणाले. "हा शिक्का माझ्या बापाचा न्हाय, पाटील. तुमच्या बी न्हाय."

पाटलांनी ते शब्द लक्षात ठेवले.

दुसरी गोष्ट गजराबाईची. ती वस्तीवर राहणारी विधवा, स्वतःची चार एकर बागायत स्वतः करणारी. तिचं माहेर सोलापूरच्या बाजूला. आई अत्यवस्थ आहे, लगेच ये, असं भावानं लिहिलेलं पत्र तिच्या हाती आलं तेव्हा आईचा तेरावा होऊन गेला होता. मास्तरांनी ते पत्र केरूजवळ न देता स्वतः वस्तीवर नेलं आणि वाचून दाखवलं. मग उलटं करून शिक्के पाहिले. मधल्या एका कचेरीत ते सहा दिवस पडून होतं. मास्तरांनी त्या सहा दिवसांचा जाब विचारणारी पत्रं वरच्या साऱ्या अंमलदारांना लिहिली. तीन महिन्यांनी छापील कागदावर उत्तर आलं. योगायोगानं मी त्या दिवशी तिथं होतो. मास्तरांनी गजराबाईला शाळेत बोलावून घेतलं आणि उभं राहून उत्तर वाचलं. झाल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो.

गजराबाईनं विचारलं, "मास्तर, खेद म्हंजी काय?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "काय न्हाय, बाई," ते म्हणाले. "खेद म्हंजी काय बी न्हाय."

आता निवडणुकीकडे येतो.

संघाचं मंडळ दर तीन वर्षांनी निवडत. कालव्याच्या साहेबांपुढं पाण्याच्या पाळ्यांबद्दल शिफारस करायची ती मंडळानं. पेंड-बेणं कुणाला आधी, कुणाला मागून, हे ठरवायचं तेही मंडळानं. मंडळावर आजवर सगळे कालव्याच्या वरच्या अंगाचे. त्या साली टेलच्या गावांनी पहिल्यांदा आपला माणूस उभा केला, कळसचे खंडूआबा. कमी बोलणारा, पिकात मुरलेला शेतकरी. त्यांच्यासमोर चेअरमनसाहेबांचे मेहुणे होते.

सभासद दोन तालुक्यांत विखुरलेले. म्हणून मत टपालानं घ्यायचं ठरलं. घरबसल्या मत, असं सेक्रेटरीसाहेबांनी मोठ्या कौतुकानं जाहीर केलं. संघानं मतपत्रिका टपालानं पाठवायची, सभासदानं खूण करून आतल्या पाकिटात घालायची, बाहेरच्या लिफाफ्यावर सही करायची. अंगठा असेल तर त्यावर पाटलाची किंवा शाळामास्तराची साक्ष. आणि तो लिफाफा टपालानंच परत यायला हवा, हातोहात दिलेला चालणार नाही. मागं हातोहात गोळा केलेल्या मतांत लबाडी झाली होती, हे त्याचं कारण. ते खरंही होतं. मुदत होती सोमवारी संध्याकाळी पाचची. पाचपर्यंत लिफाफा संघाच्या कचेरीत हवा. पाचला पेटी उघडायची.

मतपत्रिकांचे गठ्ठे मीच बांधले. तारीख घातली एक तारखेची. सेक्रेटरीसाहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "जवळच्या गावांची आधी जाऊ द्या. लांबची मागून."

"लांबच्यांना वेळ लागतो, साहेब. तीच आधी..."

"मी काय म्हणालो?"

लांबच्या गावांचे गठ्ठे पाच दिवस कपाटात राहिले. कपाटाची किल्ली माझ्याकडं होती.

कळस ते बारामती सरळ जायचं तर बैलगाडीनं एका दिवसाची वाट. पण टपाल सरळ जात नसे. कळसहून उलट्या दिशेला केरूच्या पायांनी इंदापूर, तिथून पहाटेच्या मोटारीनं भिगवण स्टेशन, तिथून रेल्वेनं दौंड, आणि दौंडहून छोट्या गाडीनं बारामती. रविवारी सारंच बंद. सेक्रेटरीसाहेबांना हे सगळं पाठ होतं. मलाही होतं.

कळसच्या मतपत्रिका गुरुवारी दुपारी बारा वाजता केरूच्या थैलीतून पडवीत उतरल्या. पुढचं केरूनं मला नंतर सांगितलं. मास्तरांनी वरचा लिफाफा उलटा केला, शिक्का पाहिला, समोरच्या बाजूला छापलेली तारीख पाहिली. बोटांवर दिवस मोजले. केरूला परत निघायची वेळ दोनची. पुढचा हेलपाटा थेट सोमवारी, म्हणजे मुदतीच्या दिवशी. आजच्या थैलीत जे जाईल तेवढंच मत.

मास्तरांनी शाळा सोडली. दवंडी पिटवली. पण ऊसतोडीचे दिवस, माणसं रानोमाळ पांगलेली. दोन वाजता हातात सहाच लिफाफे होते. केरू थैली खांद्याला लावून उभा राहिला.

"मास्तर, निघू का?"

"थांब."

"उशीर झाला तर पहाटंची मोटार घावायची न्हाय. सायबाला काय सांगू?"

"मी थांबवलं म्हनून सांग."

माणसं येत होती. कुणी हातातला कोयता तसाच घेऊन, कुणी चिखलाच्या पायांनी. मास्तर प्रत्येकाला मतपत्रिका देत आणि स्वतः पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहत. "खूण करा. मला दावू नका. कुणाला दिलं ते मला सांगू नका." एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, खंडूआबाचं नाव कंचं?" तर मास्तर म्हणाले, "दोन्ही नावं मोठ्यानं वाचून दावतो. कुटं खूण करायची ते तुमी बगा." गजराबाई शेवटी आली, शेवटच्या वस्तीवरून धावत, धापा टाकत. अंगठ्याच्या साक्षीसाठी पाटलांकडे माणूस पाठवला होता. पाटील घरात नाहीत असा निरोप आला. मग सगळ्या अंगठ्यांवर मास्तरांनीच सही केली. एकतीस लिफाफे. एकतीस वेळा पेटी दणाणली.

केरू निघाला तेव्हा पाच वाजले होते. इंदापूरला पोचेपर्यंत कचेरी बंद झाली होती. थैली सकाळी घेतली गेली, पण पहाटेची मोटार तोवर निघून गेली होती. शुक्रवार असा गेला. शनिवारच्या मोटारीनं लिफाफे भिगवणला गेले. रविवारी दौंडला पडून राहिले. आणि सोमवारी दुपारी सव्वाचारच्या छोट्या गाडीनं बारामतीला उतरले.

उतरताना ते कुणी पाहिले? दत्तोबा मास्तरांनी. रविवारी पहाटे गाडी जोडून ते बारामतीला आले होते आणि सोमवारी दुपारपासून स्टेशनात उभे होते. टपालाची थैली उतरली तशी ते हमालाच्या मागोमाग चालत टपालकचेरीत गेले. तिथल्या बाबूनं थैली उघडली, शिक्के मारले. संघाचं टपाल वेगळं झालेलं मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. बाबू भला माणूस होता. म्हणाला, "वाटप आता उद्या सकाळी. पण संघाचा माणूस चिठ्ठी घेऊन आला तर आत्ता हाती देतो. ते टपालानंच मिळालं, नियमात बसतं."

टपालकचेरीपासून आमची कचेरी तीनशे पावलांवर. मास्तर आत आले तेव्हा घड्याळात पावणेपाच झाले होते. चेअरमनसाहेब, त्यांचे मेहुणे, दोन्ही बाजूंची माणसं, खंडूआबा, सगळे बसले होते. मास्तरांना दम लागला होता. त्यांनी हात जोडले. त्यांना हात जोडताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"सेक्रेटरीसाहेब, कळसची मतं गावात आलीत. टपालात हायत. तुमचा माणूस चिठ्ठी घेऊन पाठवा, पाच मिनिटांत येत्यात."

सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "शिपाई घरी गेलाय, मास्तर."

"मग कुणी बी पाठवा."

"कुणाला पाठवू? सगळे कामात आहेत."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं.

"लोणीकर," मास्तर म्हणाले, "तुमी जावा."

मी कामात नव्हतो. माझ्या पुढ्यात कोरा कागद होता. मला फक्त उठायचं होतं. तीनशे पावलं जायचं होतं, तीनशे यायचं होतं. मी दौतीत टाक बुडवला, काढला, फडक्यानं पुसला. पुन्हा बुडवला. घरी बायको होती, तान्हं पोर होतं, नोकरी सेक्रेटरीसाहेबांच्या हातात होती. ही कारणं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. मला स्वतःला ती कधी पटली नाहीत.

पाचचे ठोके पडले. सेक्रेटरीसाहेब उठले आणि पेटीचं कुलूप काढलं.

खंडूआबा नऊ मतांनी पडले.

आकडा जाहीर झाला, पेढे फिरू लागले, तेव्हा मास्तर भिंतीला टेकून उभे होते. खंडूआबा त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "चला मास्तर, हुयाचं ते झालं." मास्तर हलले नाहीत.

"झालं न्हाय, केलं," ते मोठ्यानं म्हणाले. "चेअरमनसाहेब, एकतीस माणसांनी मत दिलंय. ते तीनशे पावलांवर पडलंय. आन् तुमी हितं पेढे वाटताय?"

चेअरमनसाहेब शांतपणे म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे, मास्तर. पाच म्हणजे पाच."

"पाच म्हंजी पाच. मग एक तारीख म्हंजी एक तारीख का न्हाय? कागदावर एक छापली आन् टपालात सहाला टाकली. शिक्का हाय माझ्यापाशी. पाच दिवस कोण बसलं त्याच्यावर?"

सेक्रेटरीसाहेब याचीच वाट पाहत होते. "उशिराचं आपण विचारूच नका. गुरुवारी कळसची थैली तीन तास कुणी अडवली? आमच्याकडे खबर आहे. वेळेवर निघाली असती तर शुक्रवारची मोटार मिळाली असती. कळसच्या लोकांची मतं बुडवली ती कळसच्या पोस्टमास्तरानं."

खबर कुणी दिली हे सांगायची गरज नव्हती. कळसच्या पाटलांचा पुतण्या कोपऱ्यात बसला होता.

खंडूआबासुद्धा मास्तरांच्या तोंडाकडे पाहू लागले. माझ्या मनात आलं, आता हा माणूस नाही म्हणेल, नाहीतर केरूवर ढकलेल. कुणीही तेच केलं असतं.

"व्हय," मास्तर म्हणाले. "मी अडवली. तीन तास. तवा हातात सहा मतं हुती. पंचवीस माणसांना तुमचं मत न्हाय असं सांगायचं, का थैली अडवायची? मी थैली अडवली. चूक असंल तर माझी. लिहून देतो. तुमी पाच दिवस लिहून देता?"

मास्तरांनी माझ्या टेबलावरचा तो कोरा कागद ओढला, माझ्याच टाकानं उभ्या उभ्या तीन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. मग टाक सेक्रेटरीसाहेबांपुढं धरला. साहेबांनी तो घेतला नाही. मास्तरांनी तो टेबलावर ठेवला आणि गेले.

मंगळवारी सकाळी पोस्टमननं एकतीस लिफाफे माझ्या टेबलावर आणून ठेवले. प्रत्येकाच्या मागं बारामतीचा सोमवारचा शिक्का, स्वच्छ उमटलेला. प्रत्येकावर मी लाल शाईनं लिहिलं, 'मुदतीनंतर आले'. एकतीस वेळा. गजराबाईच्या अंगठ्याशेजारीही लिहिलं.

मास्तरांनी वर अपील केलं. अपिलाचीही मुदत होती. ते रजिस्टर करून त्यांनी इतक्या आधी धाडलं, की कुणाला त्याच्यावर बसायला जागाच राहिली नाही. निकाल आला तो असा, की नियमात मतपत्रिका पोचण्याची वेळ स्पष्ट आहे, हस्तक्षेपाला आधार नाही. पाठवायला झालेल्या उशिराबद्दल संघाला भविष्यात दक्षता घेण्याची सूचना. आणि मास्तरांची ती तीन ओळींची कबुली सेक्रेटरीसाहेबांनी टपालखात्याकडे पाठवली. थैली अडवली म्हणून टपाल त्यांच्याकडून काढलं. सरकारी काम करणारा माणूस निवडणुकीच्या भानगडीत पडला म्हणून शाळाही बदलली. पंधरा वर्षं कळसला काढलेल्या माणसाला नरसिंहपूरला पाठवलं, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. कळसचं टपाल पाटलांच्या पुतण्याकडे गेलं. केरूचा एक महिन्याचा पगार कापला. सेक्रेटरीसाहेबांना, चेअरमनसाहेबांना, मला, काही झालं नाही. माझा तर पगार दोन रुपयांनी वाढला. तो मी घेतला.

दोनेक वर्षांनी सेक्रेटरी बदलले. नवे गृहस्थ तरुण होते, कायदा शिकलेले. पुढच्या निवडणुकीचे नियम त्यांनी मला लिहायला सांगितले. मी लिहिलं: मतपत्रिका सर्व गावांना एकाच दिवशी टपालात पडतील. परत येणाऱ्या लिफाफ्यावरचा निघालेल्या गावाचा शिक्का मुदतीच्या आतला असेल तर मत धरलं जाईल. मोजणी मुदतीनंतर आठ दिवसांनी होईल. त्यांनी वाचून मान हलवली. "चांगलं आहे. तुम्हालाच सुचलं?" मी हो म्हणालो. तेही खोटंच बोललो.

त्याच सुमारास जुने कागद नष्ट करायचा हुकूम झाला. कपाटातून ते एकतीस लिफाफे निघाले. कचेरीमागं मी शेकोटी केली. पण तसेच जाळवेनात. मी एकेक फोडला, आतली खूण पाहिली, मग जाळला. एकतीस मतं मी एकट्यानं, उकिडवं बसून मोजली.

मग मी नरसिंहपूरला गेलो. निमित्त पेंडीचं केलं. खिशात नव्या नियमांचा छापील कागद होता. देवळापासून थोड्या अंतरावर, जिथं नीरा भीमेला मिळते तिथल्या घाटावर मास्तर बसले होते. शाळा सुटलेली होती. केस पांढरे झाले होते, पण कोट तोच. मला पाहून ते उठले नाहीत.

मी कागद दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. पुन्हा वाचला.

"शिक्क्याची तारीख धरणार?"

"होय."

"बरं हाय." मग नदीकडे बघत म्हणाले, "गजराबाई गेली. गेल्या साली. तिला हे सांगता आलं न्हाय."

मला काहीतरी द्यायचं होतं त्यांना. या कागदापेक्षा मोठं काहीतरी. माझ्यापाशी एकच गोष्ट होती. मी खाली बसलो आणि म्हणालो, "मास्तर, ते लिफाफे जाळायचा हुकूम आला होता. जाळायच्या आधी मी फोडले. एकतीसच्या एकतीस. मोजलीत मी मतं. तुम्हाला सांगतो..."

ते इतक्या झटक्यानं उठले की कागद पायरीवरून पाण्याजवळ जाऊन पडला.

"फोडली? कुणाच्या हुकमानं?"

"कुणाच्या नाही. मला वाटलं, तुम्हाला कळावं..."

"मी भिंतीकडं तोंड करून उभा हुतो, लोणीकर. एकतीस डाव. गावात माझा सख्खा भाऊ सभासद, त्याचं बी मत मी बघितलं न्हाय. आन् तुमी ती उकिरड्यावर बसून वाचलीत? जवा तीनशे पावलं चालायचं हुतं तवा तुमचं पाय कुटं गेलतं?"

मी हात जोडले. त्यांनी ते पाहिले नाहीत.

"ती मतं पेटीत पडली न्हाईत, म्हंजी ती अजून त्यांचीच हायत. ज्याची त्याची. सांगू नका. मला न्हाय, खंडूआबाला न्हाय, कुणालाच न्हाय. तेवढं तरी करा."

छत्री उचलून ते घाट चढू लागले. वरच्या पायरीवर यात्रेकरूंची कुठलीशी कुटुंबं ओले कपडे वाळत घालत होती. त्यांच्यातून वाट काढत, मान ताठ ठेवून, ते देवळाकडं वळले. एका बाईनं त्यांना काहीतरी विचारलं, बहुधा रस्ता. ते थांबले, हात लांब करून तिला नीट, सावकाश समजावून सांगितलं. मग गर्दीत दिसेनासे झाले.

खंडूआबांनी मला पुढं दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही.